बिनवासाची बाटली

"मामा, बिनवासाचं तेल कोणतं मागवू?"

बंडगरमामांनी मान वर केली नाही. दोरीला बांधलेली चिंधी त्यांनी रायफलीच्या नळीतून सावकाश ओढून काढली. आत जाताना ती पांढरी होती. बाहेर आली ती काळी.

"मामा, मी काहीतरी विचारलं."

"ऐकलं."

आणि त्यांनी दुसरी चिंधी बांधायला घेतली...

पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात बंडगरमामांना एकतीस वर्षं झाली होती. रायफली खोलायच्या, काजळी काढायची, तेल द्यायचं, जोडायच्या, मोजून मांडणीत लावायच्या. कागदावर ते हवालदार, पण जुने लोक त्यांना वस्ताद म्हणत आणि नवे लोक मामा. साहेबसुद्धा त्यांच्याशी हळू आवाजात बोलायचे. मामांच्या तोंडून एक वाक्य बाहेर काढायचं तर आधी अर्ज द्यावा लागतो, असं शिपाई गावडे म्हणायचा.

प्रणिता त्यांच्या हाताखाली चार दिवसांपूर्वीच आली होती. बाळंतपणाची रजा संपली, आणि उन्हातला बंदोबस्त नको म्हणून साहेबांनी तिला इथं बसवलं. प्रशिक्षणात रायफल खोलून जोडण्यात ती अख्ख्या तुकडीत पहिली आली होती. पहिल्याच दिवशी तिनं हे मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "बरं." तिला वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नसेल. म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. मामा पुन्हा म्हणाले, "बरं."

पण आज ती ते काही मिरवायला आली नव्हती.

"माझी रेवा पीत नाही, मामा," ती म्हणाली. "आज तिसरा दिवस. पाच महिन्यांचं लेकरू ते. अंगावर घेतलं की तोंड फिरवते, पाठीची कमान करून रडते. चमच्यानं पाजलं तर चार चमचे जातात, दोन बाहेर येतात. डॉक्टर म्हणाले, वजन उतरायला लागलंय. शनिवारपर्यंत अंगावर आली नाही तर दाखल करून घ्यावं लागेल."

मामांचा हात थांबला.

"आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणतात, तुझ्या अंगाला बंदुकीचा वास मारतो, म्हणून लेकरू जवळ येत नाही. खरंच आहे ते. रॉकेलचा वास, या तेलाचा वास... केसांतसुद्धा बसतो तो. म्हणून विचारते. बिनवासाचं असतं म्हणे काहीतरी. कोणतं घेऊ?"

मामांनी तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"तुला कोणतं वाटतं?"

"ते माहीत असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?"

त्यांनी काळी चिंधी डब्यात टाकली.

प्रणिताला राग आला. बाईमाणूस काळजीनं विचारतंय, जीव टांगणीला लागलाय, आणि हा माणूस उलट प्रश्न करतो. तिनं तिथंच उभं राहून शहरातल्या मावसभावाला फोन लावला. "मिळेल त्यातली चांगली बघ. पैशाकडे बघू नकोस. उद्या सकाळच्या गाडीनं पाठव."

*

गुरुवारी सकाळी बाटली आली. एकच बाटली, काजळीही काढते आणि वंगणही देते. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, वासरहित.

प्रणितानं बूच उघडून मामांपुढे धरलं. "घ्या. नाकाला लावा."

मामांनी वास घेतला.

"काही आला?"

"नाही."

"बघा!" ती म्हणाली. जणू बाटली तिनं स्वतःच बनवली होती.

गावडे दारातून डोकावला. "मॅडम, आता रायफलीला पावडरपण लावा. लग्नात मिरवायला बरी."

"तू आधी तुझे मोजे धू," प्रणिता म्हणाली. "तुझ्यामुळे साहेबांनी परवा रुमाल नाकाला लावला होता."

गावडे हसत पळाला. मामांच्या मिशा जराशा हलल्या.

मग त्यांनी काजळीनं भरलेला एक बोल्ट उचलला. बाटलीतले दोन थेंब टाकले, थांबले, चिंधीनं पुसले. लोखंड निघालं. एक थेंब त्यांनी काचेच्या तुकड्यावर टाकला आणि ती काच उन्हात ठेवली.

"हे कशाला?"

"उद्या बघू. चिकट होतं का."

"पण काजळी तर निघाली. म्हणजे चांगलं आहे ना?"

"काजळी निघाली."

"मी विचारते, चांगलं आहे का?"

"मी सांगतो, काजळी निघाली."

अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं... प्रणितानं एप्रन न घालताच बाही वर सारली आणि कामाला बसली. वारा सुटला होता. मैदानातली माती खिडकीतून थेट टेबलावर येत होती.

"मामा, खिडकी लावते. धूळ येतेय."

"उघडी राहू दे."

"आता कशाला? वास तर नाही."

"वास नाही म्हणूनच."

ती गालातल्या गालात हसली. वय झालं की माणसं उलटंसुलटं बोलायला लागतात.

थोड्या वेळानं मामांना साहेबांचं बोलावणं आलं. त्यांची पाठ फिरली, आणि तिनं उठून खिडकी लावली. दोन्ही दारं, वर कडी. खोली कशी शांत झाली. धूळ नाही, वास नाही. एक रायफल झाली, दुसरी झाली. तिसरीला तिच्या लक्षात आलं की आपण मामांपेक्षाही भराभर करतोय. म्हाताऱ्याला आल्यावर दाखवू. चिंध्या भिजवून भिजवून ती नळ्या ओढत राहिली, ओल्या चिंध्या टेबलावर साठत राहिल्या.

सातव्या रायफलीला डोकं जड झालं. तिला वाटलं, झोप नाही म्हणून. आठवीला जीभ कोरडी पडली. वहीत रायफलीचा नंबर लिहायला घेतला तर आकडे जागेवर राहीनात.

कुणीतरी धाडकन खिडकी उघडली.

"बाहेर चल," मामा म्हणाले.

"झालंच, ही एक..."

"बाहेर."

एकतीस वर्षांत त्यांचा असा आवाज कुणी ऐकला नसेल. ती उठली, आणि भिंतीला हात लावत पायरीवर येऊन बसली. मामांनी तांब्या आणून दिला. ती पाणी प्यायली. वारा अंगावर घेत बसली. बऱ्याच वेळानं समोरचं मैदान सरळ दिसायला लागलं.

मामा शेजारच्या पायरीवर बसले.

"रॉकेल असतं तर?"

"काय?"

"अशी कोंडून घेऊन रॉकेलनं पुसलं असतंस. किती वेळ बसली असतीस?"

"पाच मिनिटं. नाक जळायला लागलं असतं... उठले असते."

"आज किती वेळ बसलीस?"

तिनं घड्याळ पाहिलं. "दोन तास."

मामांनी रिकामा तांब्या उचलला.

"म्हणजे हे वाईट? फेकून देऊ बाटली?"

"बाटलीनं काय केलं?"

प्रणितानं मान खाली घातली.

*

एक वाजत आला. घड्याळ बघायची गरज नसायची. एक वाजला की तिची छाती भरून दुखायला लागायची, गणवेशाखाली ओल यायची. लेकराची वेळ शरीराला ठाऊक होती. लेकराला मात्र...

आत्या मागच्या वसाहतीतून रेवाला घेऊन यायच्या. शस्त्रागाराला लागूनच महिला शिपायांची एक छोटी खोली होती, तिथं ती पाजायची.

आज तिला आशा होती. आज हाताला ना रॉकेल, ना जुनं तेल. तरी तिनं काही कसर ठेवली नाही. गणवेश उतरवून धुतलेला गाऊन घातला. लिंबाची फोड कोपरापर्यंत चोळली. साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. दवाखान्यातून आणलेलं जंतुनाशक पाण्यात घालून गळा, छाती, खांदे पुसून काढले. ओढणी त्याच पाण्यातून पिळून वाळवलेली होती, ती खांद्यावर घेतली. शेवटी मानेवर पावडर.

मग तिनं लेकराला घेतलं.

रेवा भुकेली होती. तोंड उघडून पुढे आली. नाक छातीशी टेकलं... आणि तिथंच थांबली. कपाळावर बारीक आठी पडली. तिनं मान मागे घेऊन आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग पुन्हा छातीकडे. एखाद्या परक्या बाईनं उचललं असावं तसं.

आणि मग जे रडू फुटलं, ते मैदानापर्यंत गेलं.

"नको ग बाई, हिसडून घ्यू नगंस," आत्या म्हणाल्या. "दे हिकडं. दे. रडून रडून आवाज बसलाय तिचा."

प्रणितानं लेकरू सासूच्या हातात दिलं. वाटीत दूध काढून ठेवलं. आणि ओढणीनं डोळे पुसत ती बाहेर ओट्यावर आली. मामा तिथं डबा सोडून बसले होते. भाकरीला अजून हात लावला नव्हता.

"आज तर वाससुद्धा नव्हता, मामा," ती म्हणाली. "आज कशाचाच वास नव्हता. तरी नाही घेतलं तिनं. मग माझंच काहीतरी... मी नोकरी सोडते. सोडलीच पाहिजे. लेकरापेक्षा काय मोठं आहे?"

मामांनी डबा झाकला.

"डोळे मीट."

"आत्ता? मामा, माझं काय चाललंय आणि तुम्ही..."

"मीट."

का कोण जाणे, तिनं डोळे मिटले. मामा आत जाऊन आल्याची चाहूल लागली. नाकापुढे काहीतरी आलं.

"काय आहे?"

"रॉकेलची चिंधी. हे काय ओळखायचं?"

"हे?"

"आपलं सरकारी तेल."

"हे?"

ती थांबली. खोल श्वास घेतला. "लोखंड... थोडी काजळी. तेलाचा वास नाही. म्हणजे नव्या बाटलीची चिंधी."

"बरोबर."

एवढ्या दुःखातसुद्धा तिला बरं वाटलं. तिचं नाक पहिल्यापासून तिखट होतं. तुकडीत सगळे म्हणायचे.

बाजूला ओट्यावर पडलेली ओढणी कुणीतरी हलकेच उचलली, ते तिला जाणवलं नाही. रेवाला घेऊन बाहेर आलेल्या आत्या पुटपुटल्या, "अवं, ही कशाला?" मामांनी बहुतेक त्यांना गप्प राहायची खूण केली. पाण्याच्या पिपावर झाकण वाजलं, पावलं इकडून तिकडे गेली, थोडा वेळ गेला. मग पुन्हा नाकापुढे कापड आलं.

"हे?"

"हे... दवाखाना." प्रणितानं नाक आक्रसलं. "फरशी पुसायचं औषध. वर पावडर... लिंबू. कुणा नर्सबाईचा रुमाल आहे का?"

"माणूस ओळख."

"कोणतं माणूस?"

"ज्याचं कापड, ते माणूस."

तिनं पुन्हा हुंगलं. पुन्हा. कपाळाला आठ्या घातल्या.

"माणूस नाही यात," ती म्हणाली. "नुसतं औषध आहे. कुणीच नाही यात."

"अगं बया..." आत्यांच्या तोंडून निघून गेलं. "अगं, तुजीच ओढणी हाय की ती!"

प्रणितानं डोळे उघडले.

मामांच्या हातात तिची ओढणी होती. निळी, काठाला पांढरी फुलं. आताच तिनं डोळे पुसले होते ते टोक अजून ओलं होतं.

मैदानात कुणीतरी परेडचा हुकूम देत होतं. रेवा आत्यांच्या खांद्यावर हुंदके देत होती...

"पहिल्या दिवशी," मामांनी विचारलं, "कामाला आलीस तेव्हा. प्याली होती?"

"प्याली होती. थोडी कुरकुरली फक्त. नवीन वेळ, म्हणून असेल."

"तेव्हा हात कशानं धुतले होतेस?"

"साबणानं. साध्या. एकदा."

"आणि हे बाकीचं?"

"आत्या म्हणाल्या ना, वास मारतो... दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं."

"आणि पिणं कधी बंद झालं?"

प्रणितानं स्वतःचं मनगट नाकाशी नेलं.

मामांनी ओढणीची घडी घातली. तिच्या हातात दिली. मग आत जाऊन त्यांनी खुंटीवरचा जाड एप्रन आणि रबरी हातमोज्यांचा एक जोड आणला, तो तिच्या शेजारी ओट्यावर ठेवला, आणि भाकरीचा डबा उघडून जेवायला बसले.

*

शुक्रवारी प्रणितानं सकाळपासून खिडकीखाली बसून काम केलं. दोन्ही दारं सताड उघडी. धूळ आली की टेबल पुसायचं, पुन्हा बसायचं. अंगावर एप्रन, हातात मोजे. बाटलीतून चिंधीवर मोजून थेंब टाकायचे. ओल्या चिंध्या झाकणाच्या डब्यात. दुपारपर्यंत चारच रायफली झाल्या. गावडेनं विचारलं, "काय मॅडम, आज मालगाडी?" तिनं ऐकलं न ऐकलंसं केलं.

एक वाजता तिनं मोजे काढले, एप्रन खुंटीला लावला. साध्या साबणानं एकदा हात धुतले. लिंबाची फोड खोलीतल्या खिडकीत तशीच सुकून पडली होती. जंतुनाशकाची बाटली तिनं कपाटाच्या वर, मागे सारली. काल घरी गेल्यावर साध्या पाण्यानं डोक्यावरून अंघोळ केली होती, त्यानंतर काही लावलं नव्हतं. गळ्याशी सकाळचा घाम होता. चोळीवर दुधाचा वाळलेला डाग होता. ती बदलायला हात गेला, आणि मागे आला.

आत्यांनी रेवाला आणून दिलं. आत्या भिंतीशी उभ्या राहिल्या, पदर तोंडाशी धरून.

रेवानं तोंड फिरवलं.

प्रणितानं जबरदस्ती केली नाही. नुसती धरून बसली. छाती ठणकत होती. शनिवार उद्याच होता. दाखल करायचं म्हणजे सुई, सलाईन, ते इवलेसे हात... तिनं डोळे गच्च मिटले.

मानेपाशी काहीतरी ओलं लागलं. लेकराचं नाक. ते मानेवरून खाली आलं, घामाशी थांबलं, फुसफुसलं. पुन्हा थोडं खाली. रेवानं एक लांब सुस्कारा टाकला, म्हाताऱ्या माणसासारखा. मूठ वळून चोळीचं कापड घट्ट धरलं.

आणि तिनं तोंड लावलं.

पहिला घोट, दुसरा... मग नुसता आवाज. गटक, गटक. मध्येच ठसका, की पुन्हा गटक. जणू चार दिवसांचं देणं वसूल करायचं होतं. प्रणिताला हसू येत होतं आणि डोळ्यांतलं पाणी लेकराच्या टाळूवर पडत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"माजीच जीभ झडली असती तर बरं झालं असतं," आत्या म्हणाल्या. "मीच म्हनले ना, वास मारतोय म्हनून."

"तुम्ही काळजीनं म्हणालात, आत्या."

"मग? सगळं काळजीनंच बिघडतंय की घरात." त्यांनी नाक पदराला पुसलं. "पी, बाळे, पी. दमानं."

अर्ध्या तासानं रेवा पोट तट्ट फुगवून आत्यांच्या खांद्यावर झोपली. दोघींना फाटकापर्यंत पोहोचवून प्रणिता शस्त्रागारात आली.

मामा उन्हातली काच बोटानं तपासत होते. थेंब पसरला होता, पण बोटाला चिकटत नव्हता.

"चांगली आहे," ते म्हणाले. "मागणीत लिही. बारा बाटल्या."

"बिनवासाचीच?"

"माझ्या डोक्याला रॉकेल सोसत नाही आता."

प्रणिता त्यांच्या पाया पडायला वाकली. मामांनी पाय मागे घेतले आणि एक रायफल तिच्या हातात दिली. प्रणिता ती घेऊन बसली. पण हात चालेना.

"मामा."

मामांनी चिंधी दोरीला बांधायला घेतली.

"डॉक्टरांना कळलं नाही. आत्यांनी पाच लेकरं वाढवली, त्यांना कळलं नाही. मी आई, मला नाही... आणि तुमचं तर लग्नसुद्धा झालेलं नाही. तुम्हाला कसं कळलं?"

मामांनी चिंधी नळीत घातली. सावकाश ओढली...

"मी मेंढरांमागं वाढलो, पोरी. वास गेला की मेंढी पिल्लू ओळखत नाही. नव्या कोकराला आम्ही पाणी लावत नाही."